आजीच्या पेटीतली भोकाच्या पैशांची माळ: कुणाला काही सांगता येईल का?

रहिमतपूरकरीण

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबेल.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, २०२३ च्या दिवाळीनंतर चारच दिवसांनी गेली. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९२४. ती कॅम्पातल्या पोरानं टाकलेली, खरी कुणालाच ठाऊक नव्हती. त्या हिशेबानं शंभरीला दीड महिना कमी पडला.

पेपरात चार ओळी आल्या. 'माजी सैनिक कै. अमुक यांच्या पत्नी श्रीमती अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.' वाचून फार चिडचिड झाली, आणि चिडायचं तरी कुणावर? मजकूर मीच फोनवर सांगितला होता.

आता वर्षश्राद्धाला घरातल्यांपुरती एक पुस्तिका छापायचं ठरलंय, आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे. काका म्हणतात, बापूंच्या (आजोबांच्या) लढाईचं लिही, गावात वाचतील. मला आजीचं लिहायचंय. पण तिच्याबद्दल कागदावर काहीच नाही. अंगठा आहे फक्त.

लग्न १९४० च्या वैशाखातलं. ती सोळाची, बापू एकवीसचे. बापू बेळगावच्या मराठा पलटणीत शिपाई, रजेवर आलेले. लग्नानंतर सतरा दिवस घरी होते. मग रहिमतपूर स्टेशनातून मीटरगेजच्या गाडीनं मिरजेवरून बेळगाव, आणि पावसाळा संपता संपता बोटीवर. नव्या नवरीनं स्टेशनवर जायची रीत नव्हती. आमचं रान रुळापासून जवळ. 'धूर बगितला,' एवढंच ती सांगायची. 'श्येण गोळा करत हुते, धूर बगितला.' बापू परत आले ते १९४६ च्या पौषात.

मधली साडेपाच वर्षं घरात सासू, एक म्हैस, दोन दीर आणि ही. थोरला दीर मिसरूड फुटल्या फुटल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत गेला. म्हणजे घरातल्या एकाचा पगार इंग्रजाकडून येणार, दुसरा इंग्रजापासून उसाच्या फडात लपणार, आणि दोघांच्या नावानं भाकरी थापणारी हीच.

तर पेटी. बापूंची लष्करातली काळी पत्र्याची पेटी आजीच्या खाटेखाली असायची. किल्ली तिच्या कमरेला. तिच्या माघारी उघडली तर नऊवारी दोन लुगडी, बापूंचा चष्मा, आणि फडक्यात तीन सहा टोकांचे तारे. पहिल्याची रिबीन निळी-लाल-फिकी निळी. दुसऱ्याची वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा. तिसऱ्याची लाल-पांढरी-हिरवी. बापू या सगळ्याबद्दल फार बोलले नाहीत. 'केरण' असं एका ठिकाणाचं नाव कधीतरी निघायचं.

आणि फडक्याच्या खाली काळ्या जाड दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे. मोजले, अठ्ठावीस आहेत. प्रत्येक पैसा ओवून वर गाठ मारलेली आहे, म्हणजे एकमेकांवर वाजू नयेत तशी. एका जागी नुसतीच गाठ आहे, पैसा नाही. गाठी एकोणतीस, पैसे अठ्ठावीस.

ही कसली माळ? नवसाची, की दागिना म्हणून? आणि रिबिनींवरून बापू कुठं कुठं होते ते कळतं का?

जुनी_नाणी

हे पैसे १९४३ ते १९४७ याच काळात पाडले. लढाईत तांबं कमी पडलं म्हणून मध्ये भोक पाडून वजन निम्म्याहून कमी केलं. त्याआधीचा पैसा भरीव होता. रुपयाला ६४ पैसे. चिल्लर बाजारातून गायबच झाली होती, कारण १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि लोकांनी जुने रुपये गाडग्यात पुरले.

प्रत्येकावर साल आहे. भिंगानं बघा आणि इथं लिहा. सगळे एकाच वर्षाचे असतील तर कुणीतरी एकदम जमवलेत. वेगवेगळे असतील तर हळूहळू साठलेत. पितांबरी, चिंच, लिंबू काही म्हणजे काही लावू नका. किमतीचं विचाराल तर फार नाही, बाजारात ढिगानं मिळतात.

मराठा_हवालदार_निवृत्त

जय हिंद ताई. २४ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, आता कराडला असतो.

पहिला १९३९-४५ स्टार. त्या तीन पट्ट्या म्हणजे आरमार, पायदळ आणि विमानदळ. वाळूच्या रंगाचा आफ्रिका स्टार, तो वाळवंटासाठी तसाच सुदान-इरिट्रियासाठीही मिळायचा. तिसरा इटली स्टार, रंग त्यांच्याच झेंड्याचे.

केरण म्हणजे केरन, इरिट्रियातलं. फेब्रुवारी-मार्च १९४१. वर डोंगरावर इटालियन, खाली आपले, उघडा कातळ. २७ मार्चला पडलं. 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आमची रणघोषणा तिथली, असं सेंटरला रंगरुटाला पहिल्याच आठवड्यात सांगतात. तेव्हा नाव ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. केरनला तिसरी बटालियन होती आणि तीच पुढे इटलीत गेली. इटलीत पहिलीही होती, पण केरनचं नाव घरात निघत होतं म्हणजे आजोबा तिसरीतले धरायला हरकत नाही. नाईक यशवंत घाडगे याच तिसरीतले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला पुतळा आहे. २०२३ मध्ये तिकडे इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

तुमच्या आजींना त्या जुलैत गावात काय ऐकू आलं असेल, याचा विचार करा. पलटणीत कोण पडलं ते महिना दीड महिन्यानं कळायचं, तेही अर्धंमुर्धं.

पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर असणार. तो घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. आणि पगारातला ठरलेला हिस्सा परस्पर घरी लावून द्यायची सोय तेव्हाही होती, दरमहा मनिऑर्डर यायची. पैशांच्या माळेचं कोडं तिथं सुटेल असं वाटतं.

सह्याद्री_वारा

अशा पतिव्रता आता होणे नाही. माउलींना विनम्र अभिवादन. 🙏

साधा_प्रश्न

कुणाला दुखवायचं नाही, पण सोळाव्या वर्षी लग्न, सतरा दिवसांचा संसार, मग साडेपाच वर्षं सासूच्या हाताखाली. तिला दुसरा रस्ता होता का? नसेल तर याला 'पतिव्रता' म्हणून हार घालणं मला पटत नाही. पुस्तिकेत तिनं वाट पाहिली म्हणून थोर, असं लिहू नका. एवढंच.

भीमाकाठ

साधा_प्रश्न यांच्याशी सहमत, आणि माझ्या आजीचं थोडं सांगते.

माझे आजोबा महार रेजिमेंटचे. पहिल्या महायुद्धातली १११ महार पलटण १९२१ ला मोडली, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच महार रेजिमेंट उभी राहिली. आजोबा पहिल्या वर्षातल्या भरतीचे. आजीचं लग्न नुकतंच झालेलं.

तिच्याकडेही दर महिन्याला मनिऑर्डर यायची. पोस्टमन महारवाड्यात यायचा नाही. वेशीबाहेरच्या लिंबाखाली थांबून हाक मारायचा. पैसे हातात द्यायचा नाही, दगडावर ठेवायचा. पण पावतीवर अंगठा घ्यायला हात धरावाच लागायचा ना! शाई लावायची, अंगठा धरायचा, कागदावर दाबायचा. आजी हे हसत हसत सांगायची. 'म्हैन्याला येकदा बामणाच्या पोरानं माजा हात धरला. सरकारनं धरायला लावला.' पैसे दगडावर आणि हात हातात. ती हे शेवटपर्यंत विसरली नाही, आणि तिच्या तोंडून ऐकल्यापासून मीही.

म्हणून म्हणते, तुमच्या आजीची मनिऑर्डर कुठं यायची, कोण घ्यायचं, अंगठा कुणाचा, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना विचारू नका, त्यांना केरन सांगायचं असतं.

रहिमतपूरकरीण

सगळ्यांचे आभार. भीमाकाठ, तुमचं वाचून मी बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

आधी पेटीचा नंबर. हवालदारकाका, हसू नका. १९९६ ला धाकट्या काकांच्या लग्नाआधी घराला रंग दिला, उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटनं चुलत्यांनी पेटीही रंगवून टाकली. दोन हात. झाकणाच्या आतल्या बाजूला चार आकडे दिसतात, बाकी गंजलेत. तेवढ्यावर अर्ज करतेय.

साधा_प्रश्न, तुमचा प्रश्न मी तिलाच विचारला होता, कॉलेजात असताना, मोठ्या तोऱ्यात. 'आजी, तू एवढी वर्षं वाट कशी पाहिलीस?' ती जात्यापाशी बसून शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, 'वाट बगायला सवड कुनाला हुती गं? म्हस हुती.' झालं. म्हशीचं नाव सांगितलं, किती दूध द्यायची ते सांगितलं. नवऱ्याबद्दल एक शब्द नाही.

आणि हिशेब केला तर नवरा नसण्याची ती पाच वर्षं नुसती सुरुवात होती. परत आल्यावर बापूंचं नाव पलटणीतून कमी झालं. दोन एकरांत पोट भरेना, म्हणून १९४८ ला लालबागच्या गिरणीत लागले, गाववाल्यांच्या खोलीत वीसजण, पाळीपाळीनं झोपायचं. पुन्हा मनिऑर्डर. घरी यायचे ते जत्रेला आणि दिवाळीला. थोरले काका सोडले तर वडील, धाकटे काका, आत्या सगळे जत्रा-दिवाळीचे, त्यांच्या वाढदिवसांवरून कळतं.

११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटेची वेळ. आमची मागची भिंत बसली. आजीनं पाच पोरं अंगणात काढली, मग आत जाऊन म्हैस सोडली, मग पुन्हा आत जाऊन ही पेटी ओढत आणली. सासू ओरडत होती, पेटीत काय सोनं हाय का. बापूंना तार चौथ्या दिवशी मिळाली. १९७२ च्या दुष्काळात ती अठ्ठेचाळीसची होती. खडी फोडायला जायची. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तेव्हा गेलं ते नीट परत आलंच नाही, आडवं, शिंपल्यासारखं यायचं. लहानपणी झोपताना मी ते नख चाचपत बसायची. मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. मिलोची लाल भाकरी थापताना चिरते म्हणून तिनं त्यात काय मिसळलं होतं हे आत्या अजून वाद घालून सांगतात.

बापू गिरणीतून निवृत्त होऊन गावी आले १९७७ ला, गेले १९९१ ला. एक्कावन्न वर्षांच्या लग्नात, गिरणीआधीची दोन वर्षं सोडली तर, सलग एका घरात राहिले ती चौदा वर्षं. मी वहीत वजाबाकी दोनदा केली.

त्या चौदा वर्षांत मात्र बडबड करायचे दोघं. एक गंमत सांगते. बापू १९४६ ला आले त्या रात्री जेवताना सवयीनं म्हणाले, 'पाने दे.' आजी उठली, सासूच्या चंचीतलं विड्याचं पान आणून ताटात ठेवलं. आधी जेवण तर होऊ दे, म्हणून सासूनं कपाळावर हात मारला. आमच्या घरात अजून भाकरी संपली की 'पाने हाय का' विचारतात. हा इटालियन शब्द आहे, पावाला म्हणतात, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, सगळ्या कोरेगाव तालुक्यात भाकरीला पाने म्हणतात.

नाण्यांची सालं: ४३ ची सहा, ४४ ची तेरा, ४५ ची नऊ. बाकी थोरल्या आत्यांना भेटून सांगते. रविवारी जाते.

जुनी_नाणी

४६ आणि ४७ चा एकही नाही! म्हणजे आजोबा आले आणि साठवणं थांबलं. आत्यांना नक्की विचारा.

मराठा_हवालदार_निवृत्त

चार आकड्यांवर काम होईल असं धरू नका, पण नाव, गाव, तालुका, वडिलांचं नाव आणि भरतीचं अंदाजे साल घाला. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्याचं मानधन असतं. आजींना ते मिळत असेल तर तिथल्या फायलीत पूर्ण नंबर सापडेल.

रहिमतपूरकरीण

काका, मानधन मिळत होतं आणि फाइलही असणार. हे मला सुचायला हवं होतं. दरवर्षी हयातीच्या दाखल्याला मीच तिला रिक्षातून न्यायची. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन घ्यायचं नाही, मग ती मशीनवर चिडायची. 'लढाईत चालला की ह्यो!'

आता आत्या. त्या ७४ च्या आहेत, ऐकायला कमी येतं, पण आजीचं सगळं त्यांच्यापाशी आहे. माळ हातात दिली तर आधी त्यांनी ती कमरेला लावून बघितली. मला वाटलं वयाचं काहीतरी. तर आजी ती कमरेलाच बांधायची, लुगड्याच्या आत. म्हणून दोरा गळ्याला मोठा.

मनिऑर्डर सासूच्या नावानं यायची. अंगठा सासूचा. आजीच्या हातात पैसा यायचाच नाही. पण दर महिन्याला त्यातून तेल-मीठ आणायला ती दुकानात जायची आणि परतीच्या चिल्लरीत एक पैसा ठेवून घ्यायची. सासू रुपया-आण्याचा हिशेब घ्यायची, एका पैशाचा घ्यायची नाही. आधी ती पैसे उतरंडीच्या मडक्यात टाकायची, पण दिराला सापडले आणि त्यानं तंबाखू आणली. मग भोकाचा पैसा निघाला. भोक बघितल्यावर तिला सुचलं, हा अंगावर बांधता येईल. म्हणजे ४३ च्या भाद्रपदापासून बापू आले त्या ४६ च्या पौषापर्यंत एकोणतीस महिने, एकोणतीस गाठी. मनिऑर्डर चुकली नाही. पत्रं चुकायची. ४४ च्या पावसाळ्यात तीन महिने पत्र नव्हतं (हवालदारकाका, तोच जुलै), तेव्हा मनिऑर्डर येतेय म्हणजे माणूस आहे, असं ती धरून चालली होती. तसं नसतंही, हे तिला कुणी सांगितलं नाही, बरं झालं.

सासूला पुढं कधीतरी दिसलंच. तर तिनं सांगितलं, पालीच्या खंडोबाचा नवस आहे. नवसाला कोण काय बोलणार! बापू आले तेव्हा पौष, पालीची यात्रा तोंडावर. बैलगाडीनं सगळे गेले. खोबरं-भंडारा उधळला, कोंबडं दिलं. माळ दिली नाही. सासूनं विचारलं तेव्हा घरी राहिली म्हणाली.

आत्यांनी तिला पुढे खूप वर्षांनी विचारलं होतं, देवाचं देवाला का नाही दिलं. म्हणे, 'देवानं मानूस आनला, त्येचं देवाला दिलं. ह्ये माजं हाय.'

राहता राहिली रिकामी गाठ. तो पैसा तिनं स्वतः सोडला, १९४७ ला थोरल्या काकांच्या करदोट्यात बांधायला. काकांना फोन केला. तिसरीत असताना तो गोट्यांत हरलो, म्हणाले. त्या दिवशी आईनं चिंचेच्या फोकानं पाय सुजेपर्यंत मारलं, तिनं हात लावल्याची तेवढीच एक आठवण आहे त्यांना. एका पैशापायी कुणी एवढं मारतं का, असं मलाच विचारत होते. मी काही बोलले नाही. पुस्तिका छापून आली की वाचतील.